हे अन्वये कोण?

शेजारच्या काकू मागच्या आठवड्यात एक नोटीस घेऊन आल्या. इतक्या वेळा उघडून मिटलेली की घडीवरची अक्षरं पुसट व्हायला लागली होती. मी कोर्टकचेरीच्या कागदांची भाषांतरं करते हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यांच्या घरी सरकारी कागद आला की तो आधी माझ्या टेबलावर येतो. चष्मा सारखा करत त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "अगं, हे अन्वये कोण?"

मी वाचलं. 'कलम १५० (२) अन्वये'.

प्रश्न अगदी रास्त होता. त्या मजकुरात जिकडेतिकडे माणसांचीच नावं होती आणि प्रत्येक नावापुढे 'यांनी', 'यांचे', 'यांस' लागलेलं होतं. काकूंनी 'अन्वये'ही आडनावासारखं वाचलं. मी हा शब्द दिवसातून वीस-पंचवीस वेळा टाइप करते. तरी त्यांना एका वाक्यात सांगायला गेले तर मलाच तो सापडेना. "त्या कलमाच्या आधारे, काकू," एवढं म्हणून वेळ निभावली. त्या म्हणाल्या, "नोटीस ठेव तुझ्याकडे, नीट वाच, मी संध्याकाळी येते." जाता जाता दारातून वळून हळूच म्हणाल्या, "ह्यांच्या नावावर पुतण्यांची नावं चढवतायत की काय, तेवढं बघ."

काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मोठे भाऊजी यंदा गेले. जमीन दोघा भावांच्या नावावर सामाईक. नोटीस फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीतली नावं बदलण्याची होती. नावं आणि गट क्रमांक काढून ती इथे देते:

'गट क्रमांक अमुक या मिळकतीचे खातेदार (काकूंचे यजमान) यांचे बंधू (मोठे भाऊजी) हे मयत झाल्याने त्यांचे वारस म्हणून खाली नमूद केलेल्या व्यक्तींची नावे अर्जदार यांनी सादर केलेल्या अर्जावरून व प्रतिज्ञापत्रावरून दाखल करण्याबाबत महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १५० (२) अन्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर नोंदीबाबत आपली काही हरकत असल्यास ती ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवावी.'

काकूंची धास्ती 'त्यांचे' या एका शब्दात होती. त्यांचे म्हणजे कुणाचे? यजमानांचे की भाऊजींचे? आणि गंमत वाटावी असा योग म्हणजे, या प्रश्नाला आपल्याकडे जे नाव आहे ते अन्वय, आणि त्याच नोटिशीत काकूंना अडलेला शब्दही तोच. संध्याकाळपर्यंत काम बाजूला ठेवून मी त्या शब्दाच्या मागे लागले.

'मागे लागले' हे लिहितानाच लक्षात आलं, की शब्दाचा मूळ अर्थही हाच आहे. अनु म्हणजे मागून, आणि 'इ' हा जाण्याचा धातू. त्या धातूपासून 'अय' म्हणजे जाणं, आणि अनु अधिक अय म्हणजे अन्वय: मागोमाग जाणं. अनुज, अनुयायी, अनुसार, अनुक्रम या सगळ्यांतला अनु तोच. माझ्या धंद्याचं नावही त्याच कुटुंबातलं आहे: अनुवाद, म्हणजे आधी कुणीतरी बोललेलं मागून बोलणं.

मग 'अन्वये'तला तो शेवटचा ए कुठला? शाळेत पाठ केलेली तृतीया आठवा: ने, ए, शी. 'ने' आपण रोज वापरतो. 'ए' मात्र बोलण्यातून जवळजवळ गेला आणि काही ठरावीक शब्दांत गोठून राहिला: 'योगे', 'स्वमुखे', 'जेणेकरून'मधलं 'जेणे'. त्यातलाच हा 'अन्वये'. म्हणजे 'कलम १५० अन्वये' याचा सरळ अर्थ 'कलम १५० च्या अन्वयाने', त्या कलमाच्या मागून चालत जाऊन. इंग्रजी कायद्यात 'इन पर्स्युअन्स ऑफ' असा शब्दप्रयोग येतो. त्यातही पर्स्यू, म्हणजे मागे जाणं, आहेच. इतकी वर्षं मी एकासमोर दुसरा टाइप करत आले. दोघांची पावलं एकाच वाटेवर पडलेली आहेत हे त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं.

कायद्याच्या कितीतरी आधी या शब्दाचा एक अर्थ होता वंश. एकामागून एक येणारे ते वंशज, त्यांची ओळ म्हणजे अन्वय. रघुवंशाच्या आरंभी कालिदास म्हणतो, 'रघूणामन्वयं वक्ष्ये', रघूंचा अन्वय सांगतो. तिथे वाक्यरचनेचा काही संबंध नाही, सांगायची आहे ती पिढ्यांची कथा. कर्नाटकातल्या जैन शिलालेखांत मुनींची ओळख देताना मूलसंघ, देशीयगण, पुस्तकगच्छ अशी त्यांच्या संघाची आणि शाखांची नावं आणि त्यापुढे 'कोण्डकुन्दान्वय' असं येतं. तिथला वंश रक्ताचा नाही, गुरूमागून शिष्य असा आहे. म्हणजे कोण कुणाच्या मागून आला, कोण कुणाचा, हे सांगणारा हा शब्द. आणि काकूंच्या हातातला कागद वारस नोंदीचा! कोण कुणाचा वारस, हे ठरवणाऱ्या नोटिशीत हा शब्द कलमाला चिकटून बसलेला होता आणि त्याच्या मूळ अर्थाचा प्रश्न दोन ओळी वर 'त्यांचे'पाशी अडला होता. मला तर या योगायोगाने भरून आलं.

वाक्यालाही हाच शब्द कसा लागला, हे यातून उलगडतं. वाक्यात शब्दांची नाती असतात. विशेषण कुणाचं, क्रियापद कुणाच्या मागून जातं, 'त्यांचे' कुणाकडे बोट दाखवतं, हे शोधणं म्हणजे अन्वय लावणं. मराठीत प्रयोग शिकवतात तेही खरं तर हेच आहे. 'मुलगा धावतो, मुलगी धावते': क्रियापद कर्त्याच्या मागून चाललं, कर्तरी. 'मुलीने आंबा खाल्ला, मुलीने चिंच खाल्ली': मुलगी तीच, पण क्रियापद आंब्यामागे आणि चिंचेमागे गेलं, कर्मणी. 'मुलीने मांजराला मारलं': ते कुणाच्याच मागे गेलं नाही, नपुंसकलिंगी एकवचनात एकटं उभं राहिलं, भावे. शाळेत मला हे तीन प्रयोग म्हणजे पाठांतराचं ओझं वाटायचं. 'क्रियापद कुणाच्या मागे चाललंय?' एवढा एकच प्रश्न कुणी विचारायला शिकवला असता तर किती सोपं झालं असतं.

ग्रीकांनी याच गोष्टीला वेगळं नाव दिलं. सिंटॅक्स हा शब्द आज जगभर चालतो, तो ग्रीक 'सिंटॅक्सिस'वरून आला. सिन म्हणजे एकत्र, टॅक्सिस म्हणजे मांडणी, आणि हा टॅक्सिस सैन्याच्या रांगा लावण्यालाही वापरत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अपोलोनिअस डिस्कोलसने वाक्यातल्या मांडणीवर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच हा शब्द आहे. आपला 'वाक्यरचना' हा शब्द याच घरातला. रचना म्हणजे नीट मांडणं, वीट वीट जागेवर बसवणं.

पण अन्वय म्हणजे रचना नव्हे, आणि मला आज मुख्य सांगायचंय ते हेच. मांडणी डोळ्यांना दिसते, नातं शोधावं लागतं. संस्कृतात शब्द कुठेही ठेवला तरी प्रत्यय त्याचं नातं सांभाळतो. पतंजलीने महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या आपल्या ग्रंथात, उदाहरण दिलंय: 'आहर पात्रम्' म्हणा की 'पात्रम् आहर' म्हणा, भांडं आणायचंच आहे. शब्द हवे तसे सुटे टाकायचे, आणि संबंध हवा तसा जोडून घ्यायचा. जिथे क्रम मोकळा असतो तिथे क्रमाचं शास्त्र कमी आणि नात्यांचं शास्त्र जास्त लागतं. म्हणून तिकडे सिंटॅक्सिस झालं आणि इकडे अन्वय, असं मला वाटतं. मराठी या दोघांच्या मधोमध आहे. आपल्याकडे प्रत्यय आहेत म्हणून शब्द हलवता येतात, पण पदरी सगळेच प्रत्यय नाहीत म्हणून कुठेही हलवता येत नाहीत. 'मांजर उंदीर पकडतं' यात कोण कुणाला पकडतं, हे आपण अर्धं क्रियापदाच्या लिंगावरून आणि अर्धं मांजराच्या स्वभावावरून ठरवतो.

मी अन्वय लावायला शिकले ते आठवीत, संस्कृतच्या तासाला. बाई फळ्यावर श्लोक लिहायच्या आणि प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर खडूने बारीक आकडा घालायच्या. क्रियापदाला सर्वांत शेवटचा. मग आम्ही आकड्यांच्या क्रमाने वाचायचो आणि कवितेची गाठ सुटून साधं वाक्य निघायचं. ही झाली दंडान्वयाची रीत: शब्द दंडासारखे सरळ एका रेषेत लावायचे. दुसरी रीत खंडान्वयाची. तिच्यात आधी क्रियापद धरायचं, मग त्याला प्रश्न विचारत सुटायचं: कोण? काय? कशाने? कथंभूत, म्हणजे कसा असलेला? प्रत्येक उत्तरासरशी एकेक शब्द येऊन आपल्या माणसापाशी उभा राहतो. कालिदासावर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथाने सुरुवातीलाच वचन दिलंय, 'इहान्वयमुखेनैव सर्वं व्याख्यायते मया', इथे सगळं मी अन्वयाच्या अंगाने उलगडून सांगेन. पुढच्या ओळीत तो म्हणतो, मुळात नाही ते लिहिणार नाही आणि अपेक्षित नाही ते बोलणार नाही. भाषांतराचं काम करणाऱ्याने हा श्लोक टेबलासमोर लावून ठेवावा. मी ठेवलाय. आणि इंग्रजीतलं ऐंशी शब्दांचं वाक्य आलं की आजही मी प्रिंट काढते, पेन्सिल घेते आणि बाईंसारखे आकडे घालते.

जवळून बघायचं तर पसायदान घेऊ. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली, आणि तिच्या शेवटाकडच्या या नऊ ओव्या आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहेत. तोंडपाठ असल्यामुळेच त्यांचा अन्वय लावायची वेळ आपल्यावर सहसा येत नाही.

आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें । तोषोनि मज द्यावें । पसायदान हें ॥

इथे तो गोठलेला ए चांगला जिवंत आहे. विश्वात्मकें, देवें, येणें, वाग्यज्ञें, चारही तृतीया. नुसत्या प्रत्ययावर गेलात तर सगळे सारखेच. क्रियापद धरा: तोषावें. कुणी? देवें. कोणत्या देवाने? विश्वात्मकें. कशाने? वाग्यज्ञें. कोणत्या? येणें, या. म्हणजे एकच विभक्ती, पण 'देवें' कर्ता आहे आणि 'वाग्यज्ञें' साधन. हे प्रत्ययाने सांगितलं नाही, मग कुणी सांगितलं? अर्थाने. यज्ञ संतुष्ट होत नाही, देव होतो.

जुने शास्त्रकार याला योग्यता म्हणायचे. शब्दांचं वाक्य व्हायला तीन गोष्टी लागतात असं त्यांचं म्हणणं: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. आकांक्षा म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची ओढ असणं. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' असे चार शब्द ओळीने म्हटले तरी वाक्य होत नाही, कारण कुणाला कुणाची गरज नाही. योग्यता म्हणजे जुळणी अर्थाला पटणं. 'विस्तवाने शिंपावं' हे त्यांचं नेहमीचं उदाहरण: विभक्ती बिनचूक, पण विस्तवाने कुणी शिंपत नाही. संनिधी म्हणजे शब्द एकमेकांजवळ असणं. एक शब्द आत्ता उच्चारला आणि दुसरा प्रहराने, तर ऐकणाऱ्याच्या मनात ते जोडले जात नाहीत. वाक्याविषयी यापेक्षा माणसाळलेली कल्पना मी वाचलेली नाही. ओढ हवी, जुळणी हवी आणि जवळीक हवी.

पुन्हा ओवीकडे. 'पसायदान हें'. यातला 'हें' ओवी संपली तरी थांबत नाही. हें कोणतं? उत्तर पुढच्या ओवीत सुरू होतं: 'जे खळांची व्यंकटी सांडो । तया सत्कर्मीं रती वाढो'. हा 'जे' मी कित्येक वर्षं 'जे खळ आहेत त्यांची' असा, खळांना जोडून वाचत होते. पण तो जुन्या मराठीतला 'की' आहे, आणि त्याचा हात मागच्या ओवीतल्या 'हें'च्या हातात आहे: हे पसायदान द्यावं, की खळांची व्यंकटी सांडो. दोन ओव्यांच्या मधली उभी रेघ ओलांडून नातं जातं. मग 'तया'. कुणाला? खळांना. म्हणजे दुष्टांचा वाकडेपणा जावो आणि त्यांनाच चांगल्या कामाची गोडी लागो. हा 'तया' सुटला तर अर्धी ओवी भलत्याच कुणाच्यातरी पदरात पडते आणि ज्ञानदेवांच्या मागण्यातलं सगळ्यांत मोठं मागणं हरवतं. खळांचा नाश त्यांनी मागितलाच नाही, त्यांनी खळांसाठी मागितलं. हे सगळं एका सर्वनामाच्या अन्वयावर उभं आहे.

पुढची ओळ 'भूतां परस्परें जडो । मैत्र जीवांचें'. काही पोथ्यांत 'जीवाचें' असा पाठ छापलेला असतो. अनुस्वार असेल तर सगळ्या जीवांचं मैत्र. नसेल तर जिवाचं, जिवाभावाचं मैत्र. मला दुसरा पाठ अधिक जवळचा वाटतो, कारण कोणाकोणाचं हे 'भूतां परस्परें'ने आधीच सांगून टाकलंय. 'कसलं मैत्र?' ही आकांक्षा तेवढी उरते आणि 'जीवाचें' ती पुरी करतो.

आता एक शब्द असा सांगते की जो आपण सगळे वापरतो, आणि तो याच घरातला आहे हे क्वचितच आठवतो. 'माझा त्या प्रकरणाशी दुरान्वयानेही संबंध नाही.' दूर अधिक अन्वय. काव्यशास्त्रात हा एक दोष होता: एकमेकांशी नातं असलेले शब्द वाक्यात इतके लांब लांब पडले की वाचणाऱ्याला ते जोडताना धाप लागते. त्या दोषाचं नाव मराठीत बोलीभाषेतलं झालं, आणि आता पुढाऱ्यांपासून साक्षीदारांपर्यंत प्रत्येकजण दुरान्वय नाकारत असतो. समन्वय, अन्वयार्थ हीसुद्धा त्याचीच भावंडं. 'अन्वर्थक' मात्र वेगळा, तो अनु अधिक अर्थ, अर्थाला धरून असलेला. 'नाव अगदी अन्वर्थक आहे' म्हणायचं असतं तिथे 'अन्वयार्थक' लिहिलेलं मला कागदांत सापडतं आणि दर वेळी मी ते दुरुस्त करते.

दुरान्वयाचा दोष माझ्या हातूनही घडलाय आणि तो मला अजून टोचतो. एका जबाबाचं भाषांतर होतं. मी लिहिलं, 'फिर्यादीने १२ तारखेला आरोपीने धमकी दिल्याचे सांगितले.' मुळात वाक्य लांब होतं, मी ते आटोपशीर केलं होतं आणि त्यावर खूषही होते. दाखल करायच्या आदल्या संध्याकाळी वकिलांचा फोन आला. "ताई, १२ तारखेला धमकी दिली की १२ तारखेला सांगितलं?" मी वाक्य पुन्हा वाचलं आणि हात गार पडले. दोन्ही अर्थ निघत होते. १२ तारीख मध्ये उभी होती, एका बाजूला 'सांगितले' आणि दुसऱ्या बाजूला 'धमकी', आणि मी तिला कुणाच्याच हाती दिलं नव्हतं. मुळात फिर्यादीने १२ तारखेला सांगितलं होतं, धमकी त्याच्या बरीच आधीची. आरोपी १२ तारखेला कुठे होता यावर तिथे बरंच काही अवलंबून होतं. मी तिथल्या तिथे बदललं: 'फिर्यादीने १२ तारखेला सांगितले की, आरोपीने धमकी दिली होती.' एका 'की'ने तारीख आपल्या घरी गेली. त्या दिवसापासून 'दिल्याचे सांगितले', 'केल्याचे म्हटले' अशी घडी घातलेली वाक्यं आली की मी ती उकलते. चार शब्द जास्त लागले तर लागू देत. बातम्यांत ही घडी रोज दिसते, 'मंत्र्यांनी काल पूल कोसळल्याचे सांगितले', आणि पूल काल कोसळला की मंत्री काल बोलले हे वाचणाऱ्याने नशिबावर सोडायचं. माणसं असं बोलत नाहीत. बोलताना आपण आपसूक 'की' घालतो.

या दुपारच्या वाचनात मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांचा, एक जुना वादही पुन्हा भेटला. कुमारिल भट्टांचं म्हणणं, शब्द आधी आपापला अर्थ सांगतात आणि मग त्या अर्थांचा अन्वय होतो. प्रभाकराचं म्हणणं, शब्द अर्थ सांगतो तोच मुळी दुसऱ्याशी जोडलेला. लहान मूल 'गाय आण', 'गाय बांध', 'घोडा आण' अशी मोठ्यांची वाक्यंच ऐकतं, त्यांच्या कृती बघतं आणि त्यातून गाय वेगळी काढतं. सुटी गाय त्याला कुणी आधी दिलेली नसते. मी प्रभाकराच्या बाजूची आहे. माझ्या टेबलावर 'कर' हा शब्द एकटा आला तर तो हात आहे, आयकर आहे की आज्ञा, हे मला सांगता येत नाही. शेजारी 'भर' उभा राहिला की लगेच कळतं.

संध्याकाळी काकू आल्या. मी नोटिशीची झेरॉक्स काढून ठेवली होती, त्यावर रेघा मारायला. त्यांना टेबलाशी शेजारी बसवलं आणि खंडान्वयानेच सुरुवात केली, फक्त ते नाव घेतलं नाही.

"काकू, शेवटचा शब्द वाचा."

"कळवावी."

"काय कळवावी?"

त्यांनी बोट मागे मागे नेलं. "हरकत."

"कुणी?"

"मी?"

"तुम्ही. कधीपर्यंत?"

"पंधरा दिवसांत." मग त्या थांबल्या. "म्हणजे हे मला विचारतायत. माझं काढत नाहीयेत काही."

कात्यायन या जुन्या संस्कृत व्याकरणकाराने वाक्याची व्याख्या केली आहे, 'एकतिङ् वाक्यम्', एक क्रियापद ते एक वाक्य. त्या मापाने नोटिशीत 'की'च्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी दोन वाक्यं होती. पलीकडचं सुटलं होतं. अलीकडचं अवघड. 'कळविण्यात येते' या क्रियापदाला कोण कळवतो हे विचारलं तर उत्तरच मिळत नाही, कर्ता वाक्यात नाहीच, तो खाली सहीत आहे. काकूंनी सही बघितली, तलाठ्याची. "हां, हे कळवतायत. आणि अन्वये?"

"अन्वये म्हणजे त्या कलमाच्या मागून जाऊन. कायद्याने सांगितलंय की नोंद करायची तर जमिनीत ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना कळवा, म्हणून ते कळवतायत. मनाने नाही."

"कलमाच्या मागून," त्या स्वतःशी म्हणाल्या. "वारीत दिंडीमागून दिंडी जाते तसं."

मग 'त्यांचे'. मी वाक्य मोठ्याने वाचलं: 'खातेदार यांचे बंधू हे मयत झाल्याने त्यांचे वारस म्हणून'. "मयत कोण झालं?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "दोघंही गेलेत गं." आणि इथेच गाठ होती. प्रत्ययाकडे बघून ती सुटत नव्हती, 'त्यांचे' दोघांनाही लागू पडत होतं. योग्यतेने बघावं तर दोघंही हयात नाहीत. उरला वाक्यातला धागा: 'मयत झाल्याने' हे 'बंधू हे' यांच्या मागून आलंय, यजमानांचं नाव फक्त बंधू कुणाचे ते सांगायला. ज्यांच्या जाण्यामुळे वारस लागतायत, त्यांचेच ते वारस. मी पेन्सिल काकूंच्या हातात दिली. त्यांनी 'त्यांचे'वरून एक कमान काढली, यजमानांच्या नावावरून उचलून पलीकडे नेली आणि मोठ्या भाऊजींच्या नावावर टेकवली. हात जरा थरथरत होता, पण कमान नेमकी पडली.

"मोठ्या भाऊजींचीच मुलं ती," काकू म्हणाल्या. "त्यांची नावं त्यांच्या वडलांच्या जागी लागायलाच हवीत. माझं काय जातंय." नोटिशीची घडी घालून त्यांनी ती पिशवीत ठेवली, उठल्या, आणि मग परत बसल्या.

"एक काम कर. हरकत नाही म्हणून लिहून दे माझ्याकडून. पण सोप्पं लिही, मला वाचता येईल असं."

तसं लिहून द्यायची गरज नव्हती, तरी मी कागद ओढला. 'माझे दीर वारले. त्यांच्या मुलांची नावे त्यांच्या जागी लावावीत. माझी हरकत नाही.' काकूंनी तीनही वाक्यं बोट फिरवत वाचली आणि खाली सही केली.